खरबरीत पट्टी आणि झिंकचा साबण

भोसरीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये नैसर्गिक रबराची गॅस्केट-पट्टी एक्स्ट्रूडरमधून निघायची ती कडा फाटलेली आणि खरबरीत. संशय डायवर, म्हणजे एक्स्ट्रूडरच्या तोंडाशी रबराला आकार देणाऱ्या साच्यावर. दोनदा पॉलिश केली, फरक शून्य. मग तेल वाढवलं. पट्टी गुळगुळीत झाली, पण व्हल्कनाइझ केल्यावर, म्हणजे तापवून पक्की केल्यावर, मऊ पडली. गिऱ्हाईकाने माल परत पाठवला.

दोष होता मिलवर, म्हणजे रबर मळणाऱ्या दोन रोलांच्या यंत्रावर. केरळची आरएसएस-४ शीट (धुरावर वाळवलेल्या कच्च्या रबराची एक प्रत) मुळातच चिवट, थंडीत तर दगडच. रात्रपाळीत ती पुरती मळलीच जात नव्हती आणि कार्बन ब्लॅकच्या, म्हणजे रबराला बळकटी देणाऱ्या काळ्या पुडीच्या, गुठळ्या राहत होत्या.

वनस्पती तेलाच्या मेदाम्लांचा झिंक साबण (धुण्याचा नव्हे, मेदाम्ल आणि झिंकचं संयुग) आणला. १०० किलो रबराला २ किलो, रबर रोलभोवती गुंडाळून पट्टा धरताच, ब्लॅकच्या आधी. उष्णतेने तो वितळतो आणि रबराच्या लांब साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. पेप्टायझर (रबर मऊ करणारं रसायन) साखळ्या तोडतो. या साबणाचं काम मुख्यतः वंगणाचं, त्यामुळे ताकद फारशी जात नाही. मिश्रणातलं स्टिअरिक ॲसिडही (तेही मेदाम्लच) थोडं कमी केलं.

पट्टी सुधारली. मग हाव सुटली! एकदा ५ किलो टाकला, तर रबर रोलवर नुसतं घसरत राहिलं. आता वजनकाटा मिलला खेटूनच असतो.