समस्यापूर्ती: ओळ द्यायची कशी, खेळ चालवायचा कसा

एकानं ओळ, म्हणजे समस्या, द्यायची, बाकीच्यांनी ती पुरी करायची, हा समस्यापूर्तीचा खेळ जुनाच. पाच ते आठ लिहिणारे जमले की गावातही तो झकास चालतो. खेळ रंगणार की पडणार हे मात्र बहुतेक वेळा ओळ देणाऱ्यावर ठरतं, म्हणून खरी मेहनत तिथं घ्या.

ओळीऐवजी विषय द्यायचा तर 'पाऊस' असा नुसता कधी देऊ नका. आठ जणांकडून एकच कविता आठ वेळा येते, कारण प्रत्येकाला आधी वाचलेलंच आठवतं. एक वस्तू, एक छंद (म्हणजे ओळीचं अक्षरांचं माप) आणि एक बंदी द्या. 'कुटार (जनावरांचा भुसा), सहा ओळींची अष्टाक्षरी, बैल हा शब्द बंद.' नेहमीचा शब्द अडवला की माणूस कुटाराकडे नीट बघायला लागतो. चौथी अट घालू नका. मग कविता राहते बाजूला आणि अटीच सांभाळल्या जातात. वस्तूंच्या वीसेक चिठ्ठ्या एका डब्यात करून ठेवा: डवरा, सरकी, धुरा, बंडीचं चाक, आखर. प्रेम, विरह, दुःख यांच्या चिठ्ठ्या नकोत. ते कवितेत आपसूक येतात.

अष्टाक्षरीत, म्हणजे आठ अक्षरांच्या ओळीत, जोडाक्षर एकच धरायचं. 'पऱ्हाटीच्या बोंडातून' मोजा: प, ऱ्हा, टी, च्या, बों, डा, तू, न. आठ झाली. नवखे 'ऱ्हा' दोन मोजतात आणि ओळ सातवरच सोडतात. सवय झाली की मोठ्या अभंगाकडे वळा: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. शेवटचा चार अक्षरांचा चरण सगळ्यात अवघड, तो आधी सुचला तर उत्तम.

गझलेची ओळ, म्हणजे तरही, देताना फार सांभाळा. समजा ओळ दिली, 'उलंगवाडी झाली तरी वावर सुटत नाही' (उलंगवाडी म्हणजे कापसाचा हंगाम संपून वावर मोकळं होणं). रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी तसाच येणारा शब्द, 'नाही'; काफिया, म्हणजे त्याच्या आधीचं यमक, 'सुटत'. आता शोधा: तुटत, फुटत, लुटत, कुटत... आणि संपलं. पाच शेर मागितले तर सगळ्यांचे तेच पाच येणार. तीच ओळ अशी फिरवा: 'उलंगवाडी झाली, अजून वावरात जीव आहे'. आता काफिया 'वावरात', म्हणून घरात, उरात, पदरात, शहरात, पुरात, भरात, दारात असे कितीतरी हाताशी येतात. काफियाचे दहा शब्द स्वतः कागदावर मांडता आले नाहीत तर ती ओळ देऊच नका. गझल न जमणाऱ्यांना दोनच शेरांची मुभा ठेवा.

हसतखेळत काही हवं असेल तर साखळी करा. एकानं अष्टाक्षरी ओळ म्हणायची, तिच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्यानं उचलायची. 'ण' आणि 'ळ' आले की गाडी अडते, त्या अक्षरांनी शब्दच सुरू होत नाहीत. तेव्हा त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं, हे सुरुवातीलाच सांगून टाका, नाहीतर भर रंगात वाद होतो.

यमक कानानं ठरवायचं, हेही आधीच ठरू द्या. वऱ्हाडीत शाळेची 'शाया' होते आणि ती 'माया'शी छान जुळते. पुस्तकी यमकाचा हट्ट धरला तर उत्तम वऱ्हाडी बोलणारा गप्प बसतो, आणि मंडळीतला सगळ्यात जिवंत आवाज जातो. ज्याला लिहिणं जड वाटतं त्याची कविता दुसऱ्यानं उतरून घ्यावी.

मुदत आठवड्याची, बाजाराच्या दिवसापासून पुढच्या बाजारापर्यंत. निंदण आणि वेचणी भरात असताना मात्र दोनच ओळी मागा. थकल्या हातांना बारा ओळी दिल्या की पुढच्या वेळी अर्धी मंडळी येत नाही.

वाचताना नावं झाकून ठेवा. एकानं सगळ्या कविता मोठ्यानं वाचाव्यात, त्याची स्वतःची तेवढी दुसऱ्यानं वाचावी. मग प्रत्येकानं दोनच गोष्टी सांगायच्या: कोणती ओळ लक्षात राहिली आणि वाचणाऱ्याची जीभ कुठं अडखळली. 'छान आहे' चालणार नाही. नंबर काढू नका. ज्याची ओळ जास्त जणांच्या लक्षात राहिली, पुढची समस्या त्यानं द्यायची.