मॅकचा प्रोसेसर बदलला, जुनी सॉफ्टवेअर कशी चालवायची

मी जुन्या कॅसेटी आणि टेपांवरची ध्वनिमुद्रणं साफ करते. खरखर, गुणगुण, टेपची सळसळ काढायची आणि माणसाचा आवाज मात्र जसाच्या तसा राखायचा. त्यासाठी माझ्याकडे एक प्लगइन आहे, म्हणजे ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, पण इतक्या हलक्या हाताने काम करणारं दुसरं मला आजवर सापडलेलं नाही. त्यामुळे इंटेलचा मॅक जाऊन ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक टेबलावर आला, तेव्हा पहिली काळजी त्या प्लगइनचीच वाटली. आणि झालंही तसंच. प्रोजेक्ट उघडला, चौदाही ट्रॅक दिसले, पण जिथे प्लगइनचं नाव असायचं ती जागा प्रत्येक ट्रॅकवर राखाडी होती.

ती जागा परत भरायला मला दोन मिनिटं पुरायला हवी होती. लागले दोन दिवस, कारण नेमकं काय अडलंय हेच मला माहीत नव्हतं. म्हणून आधी तेच सांगते.

इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्राम एक्स८६ या सूचनासंचात, म्हणजे त्या प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांच्या भाषेत असतो. ॲपलने २०२०च्या नोव्हेंबरमध्ये एम१ चिपचे पहिले मॅक आणले, त्या चिपला एआरएम या दुसऱ्या सूचनासंचाच्या सूचना कळतात. दोघांच्या मध्ये रोझेटा २ नावाचा दुभाषा बसतो. तो प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना त्याचं भाषांतर करून ते साठवून ठेवतो. म्हणून जुना प्रोग्राम पहिल्या वेळी उघडायला बराच वेळ घेतो आणि दुसऱ्या वेळी झटकन उघडतो. पहिल्या वेळी आयकॉन नुसताच उड्या मारत राहिला तर जबरदस्तीने बंद करू नका, थांबा.

मात्र या दुभाष्याच्या हद्दी ठरलेल्या आहेत. ६४ बिटचे, म्हणजे अलीकडच्या धर्तीचे, साधे प्रोग्राम तो चालवतो. ३२ बिटचे, म्हणजे त्याआधीच्या जुन्या धर्तीचे, चालवत नाही. उपकरण आणि मॅक यांची गाठ घालून देणारे जे ड्रायव्हर प्रोग्राम यंत्रणेच्या, म्हणजे मॅकओएसच्या, गाभ्यात शिरून काम करतात, त्यांनाही तो हात लावत नाही. तुमचं सॉफ्टवेअर यातल्या कुठल्या गटात बसतं ते कळलं की पुढचा रस्ता आपोआप दिसतो.

ते बघायचं कसं? जुना मॅक अजून चालू असेल तर त्याच्यावरच बघा. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा, डावीकडे ‘सॉफ्टवेअर’खाली ‘ॲप्लिकेशन्स’ निवडा. सगळ्या प्रोग्रामांची यादी येते आणि ‘काइंड’ या रकान्यात, किंवा जुन्या मॅकओएसवर ‘६४-बिट (इंटेल)’ या रकान्यात, प्रत्येकाचा प्रकार दिसतो. नव्या मॅकवर ‘काइंड’ रकान्यात ‘युनिव्हर्सल’, ‘ॲपल सिलिकॉन’ किंवा ‘इंटेल’ असं लिहिलेलं असतं. युनिव्हर्सल म्हणजे एकाच पुडक्यात दोन्ही प्रोसेसरांचा कोड. मी ही यादी छापून घेतली आणि पेन्सिलीने खुणा करत बसले. नव्वदेक प्रोग्राम होते, त्यातल्या खरोखर लागणाऱ्या सात जणांचीच काळजी करायची होती.

निव्वळ इंटेलचा ६४ बिटचा प्रोग्राम असेल तर काहीच करावं लागत नाही. तो उघडला की मॅक स्वतःच रोझेटा बसवू का म्हणून विचारतो, हो म्हणायचं, झालं.

प्लगइनचं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि माझे दोन दिवस तिथेच गेले. प्लगइन स्वतंत्र चालत नाही, ते ध्वनिसंपादकाच्या पोटात चालतं. एकाच प्रक्रियेत, म्हणजे एकाच चालू प्रोग्राममध्ये, अर्धा कोड एआरएमचा आणि अर्धा इंटेलचा असं चालत नाही. माझा संपादक युनिव्हर्सल होता, म्हणून नव्या मॅकवर तो आपोआप एआरएमच्या रूपात उघडत होता आणि इंटेलचं प्लगइन त्याला दिसतच नव्हतं. मी प्लगइन चार वेळा काढून पुन्हा बसवलं. प्लगइनमध्ये काही बिघाड नव्हताच.

उपाय असा. संपादक पूर्ण बंद करा. ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये त्याच्यावर एकदा क्लिक करून ‘फाइल’ मेनूतलं ‘गेट इन्फो’ घ्या. ‘ओपन यूझिंग रोझेटा’ असा एक चौकोन दिसेल, त्यात टिक करा. हा चौकोन फक्त युनिव्हर्सल प्रोग्रामांनाच असतो, निव्वळ इंटेलच्या प्रोग्रामात तो शोधत बसू नका. आता संपादक उघडा आणि प्लगइनांची यादी नव्याने तपासायला सांगा. खात्री करायची तर ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये सीपीयूच्या पानावर ‘काइंड’ रकाना बघा, तिथे संपादकासमोर ‘इंटेल’ आलेलं असेल. काही संपादक जुनी प्लगइनं बाजूला वेगळ्या प्रक्रियेत चालवतात, त्यांना ही टिक लागत नाही. आधी तसं आहे का ते बघून घ्या.

टिक करताना एक ध्यानात ठेवा. आता अख्खा संपादक भाषांतरातून चालतो, त्यामुळे तो जरा जड होतो, आणि फक्त एआरएमसाठी बनवलेली नवी प्लगइनं त्यात दिसेनाशी होतात. मी म्हणून दोन टप्प्यांत काम करते. रोझेटात फक्त सफाई, मग तो ट्रॅक साध्या ध्वनिफाइलमध्ये उतरवून घ्यायचा. टिक काढायची, संपादक पुन्हा उघडायचा, बाकीचं सगळं तिथे.

माझं आणखी एक प्लगइन यादीत यायचं, पण लावलं की संपादकच बंद पडायचा, एक अक्षरही न सांगता. पुष्कळ वेळाने उलगडा झाला: त्याला इंटेलच्या एव्हीएक्स नावाच्या सूचना लागत होत्या आणि रोझेटा त्या भाषांतरित करत नव्हता. मॅकओएस १५ सेकोयापासून रोझेटात या सूचनांची, एव्हीएक्स२सकट, सोय झाली. तुमचा प्रोग्राम उघडता उघडता मिटत असेल तर आधी यंत्रणा किती जुनी आहे ते पाहा.

ड्रायव्हरबाबत थोडक्यात. उपकरणाच्या कंपनीने एआरएमसाठी ड्रायव्हर काढला नसेल तर कुठलीही युक्ती चालत नाही. मात्र पुष्कळशा यूएसबी उपकरणांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, ती ठरलेल्या मानकाप्रमाणे चालतात आणि मॅक त्यांना थेट ओळखतो. माझा जुना ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात आणणारी पेटी, असाच निघाला. म्हणून ड्रायव्हर शोधण्याआधी नुसती वायर जोडून बघा.

आता ३२ बिट. मॅकओएस कॅटालिना २०१९मध्ये आली आणि ३२ बिटचे प्रोग्राम तिथेच थांबले. एम१ त्याच्या पुढच्या वर्षी आला, म्हणजे ॲपलच्या चिपच्या कुठल्याही मॅकवर मॅकचा ३२ बिटचा प्रोग्राम थेट कधीच चाललेला नाही. माझी टेपांची नोंदवही अशाच एका प्रोग्राममध्ये होती. कोणाचा आवाज, कधी भरला, टेपची कुठली बाजू, अशा तेवीसशे नोंदी.

इथे विंडोज मदतीला आलं. त्या प्रोग्रामची मूळ सीडी माझ्या खणात होती आणि तिच्यावर मॅकबरोबर विंडोजचीही आवृत्ती होती. विंडोज ११ची एआरएम आवृत्ती मॅकवर आभासी यंत्रात, म्हणजे मॅकच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, चालते. असं यंत्र उभं करणाऱ्या पॅरलल्स डेस्कटॉपमध्ये चालते, यूटीएममध्येही चालते. आणि त्या विंडोजमध्ये इंटेलच्या ३२ बिट प्रोग्रामांसाठी स्वतःचा अनुवादक असतो. मॅकने सोडून दिलेला प्रोग्राम मॅकवरच, पण विंडोजच्या खोलीत उघडला. जुन्या मॅकवरून सीडीची प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढली, ती आभासी यंत्राला जोडली, प्रोग्राम बसवला, नोंदींची फाइल दिली. पहिली नोंद पडद्यावर आली तेव्हा मला भरून आलं होतं. मग उशीर न करता सगळ्या नोंदी सीएसव्हीत, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या तक्त्यात, काढून घेतल्या. तारखांमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती, ती ओळीने तपासून दुरुस्त केली. तुम्ही अशा नोंदी काढाल तेव्हा महिन्याच्या बारा तारखेपुढची एखादी नोंद आधी पाहा, अदलाबदल तिथे लगेच उघडी पडते.

तुमच्या प्रोग्रामची विंडोज आवृत्ती नसेल तर यूटीएममध्ये अख्खा इंटेल संगणक नक्कल करून त्यात जुनी यंत्रणा चालवता येते. ते फार मंद असतं. माहिती काढून घ्यायला पुरतं, रोजच्या कामाला नाही. विंडोजच्या आधीच्या डॉस यंत्रणेचे प्रोग्राम असतील तर तिची नक्कल करणारा डॉसबॉक्स वापरा, ते इतके हलके असतात की नकलेतही छान चालतात.

मॅकऐवजी एआरएम चिपचा विंडोज लॅपटॉप घेतला असेल तरी गोष्ट बरीचशी हीच. तिथल्या दुभाष्याचं नाव प्रिझम, तो विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीबरोबर आला. तिथे ३२ आणि ६४ बिट दोन्ही चालतात, ड्रायव्हर मात्र एआरएमचाच लागतो. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावर ‘आर्किटेक्चर’ हा रकाना चालू केला की कोण भाषांतरातून चालतंय ते कळतं. एखादा प्रोग्राम अडखळत असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’ पानावर अनुकरणाच्या सेटिंग्ज बदलून पाहता येतात.

या सगळ्याला मुदत आहे, हे मी कळकळीने सांगते. पहिला रोझेटा २००६मध्ये आला होता, मॅक पॉवरपीसी या आधीच्या प्रोसेसरकडून इंटेलकडे जाताना. २०११मध्ये मॅकची लायन ही यंत्रणा आली आणि तो गेला. रोझेटा २बद्दल ॲपलने २०२५मध्ये सांगितलं आहे की मॅकओएस २७पर्यंत तो पूर्ण मिळेल, त्यानंतर जुन्या खेळांसाठी त्याचा काही भागच उरेल. तेव्हा जुना मॅक विकण्याआधी तीन गोष्टी करून टाका. इन्स्टॉलर आणि परवान्यांचे क्रमांक बाहेरच्या डिस्कवर ठेवा. जिथे परवाना यंत्राला बांधलेला असतो तिथे तो जुन्या यंत्रावरून रीतसर सोडवून घ्या, कंपनी बंद असेल तर हे नंतर कोणीच करून देणार नाही. आणि आजवरचं काम सगळीकडे उघडेल अशा स्वरूपात उतरवा: ध्वनी डब्ल्यूएव्हीत, नोंदी सीएसव्हीत, चित्रं टिफमध्ये.

माझे त्या प्लगइनवर अडकलेले सदतीस प्रोजेक्ट होते. रात्री काम आवरताना एक उघडते, सफाई झालेला प्रत्येक ट्रॅक डब्ल्यूएव्हीत उतरवते, मूळ टेपशी एकदा कान लावून ताडून पाहते आणि यादीतलं नाव खोडते. अकरा राहिलेत.