नवव्या बिटने अडवलेले व्हेंडिंग मशीन

लातूरमधील आमच्या अभ्यासिकेतले बिस्किटांचे व्हेंडिंग मशीन संगणकावरून चालवण्यासाठी मी त्याच्या एमडीबी (मशीन आणि पैसे घेणारी उपकरणे यांच्यातील संवादाची पद्धत) तारांना साधे यूएसबी-सिरियल अडॅप्टर जोडले, तेव्हा पडद्यावर नुसती अर्थहीन अक्षरे उमटत राहिली. वेग 9600 बॉड (सेकंदाला 9600 बिट), म्हणजे बरोबरच होता. परंतु एमडीबीमध्ये आठ बिटांच्या जोडीला नववा ‘मोड’ बिट असतो, जो मशीनकडून उपकरणाचा पत्ता (त्याचा ओळखक्रमांक) येताना 1 असतो, आणि माझे अडॅप्टर आठच बिट वाचत होते. शिवाय उत्तर 5 मिलिसेकंदांत सुरू व्हावे लागते. ते काम संगणकावर सोपवणे मला धोक्याचे वाटले. म्हणून मध्ये 9 बिट हाताळणारा एटमेगा328 हा मायक्रोकंट्रोलर (छोटी नियंत्रक चिप) बसवला, तारांवर ऑप्टोकपलर (थेट विद्युत जोडणीऐवजी प्रकाशाने संदेश पोहोचवणारे भाग) घातले आणि त्या चिपला रोखरहित, म्हणजे नाणी-नोटांशिवाय पैसे घेणाऱ्या, उपकरणाचा 10 हेक्स (सोळा-आधारी संख्या) हा पत्ता दिला. सायंकाळी स्प्रिंग सावकाश फिरली आणि पहिला पुडा खाली पडला.