ट्रेलर ओढायला आपली गाडी पुरेल का? जोडी जमवताना या चुका टाळा

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "आपली गाडी किती पाउंड ओढते?" ब्रोशरमध्ये आकडा सापडतो, ट्रेलरचं वजन त्याहून कमी दिसतं, विक्रेताही "आरामात ओढेल" म्हणतो आणि सह्या होतात. पण बहुतेक घरगुती गाड्यांमध्ये ओढण्याची ताकद आधी संपत नाही. आधी संपते ती गाडीची स्वतःच्या अंगावर वजन वाहण्याची क्षमता, म्हणजे पेलोड. ट्रेलरची जोडी जमवायची तर हिशोब तिथूनच सुरू करायला हवा. मुलंबाळं घेऊन हायवेवर निघायचं असतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

चूक पहिली: "टो रेटिंग" हाच शेवटचा शब्द मानणं

गाडी जास्तीत जास्त किती ओढेल, हे ठरवण्यासाठी आता बहुतेक कंपन्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ हे मानक वापरतात. त्यातल्या चाचण्या खऱ्याच कठीण आहेत. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक चढावर, कडक उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून गाडीला ठरावीक वेग राखावा लागतो. पण वजनाचं गणित करताना गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, तीही प्रत्येकी १५० पाउंडांची. बाकी सामान जवळपास नाहीच. पाच जणांचं कुटुंब, कुत्रा, कूलर, सायकली, जळाऊ लाकडं हे त्या आकड्यात कुठेच नाही.

म्हणून चालकाच्या बाजूचं दार उघडा. आतल्या खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारं पांढरं-पिवळं स्टिकर असतं. माणसं आणि सामान यांचं एकूण वजन किती पाउंडांच्या वर जाता कामा नये, ते त्यावर लिहिलेलं असतं. यात चालकही आला. हा आकडा त्याच एका गाडीचा असतो, त्या मॉडेलचा नव्हे. मोठं सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह, मोठी चाकं, गरम-थंड होणाऱ्या सीट्स, अशी सुखसोय वाढली की पेलोड घटतो. एकाच रंगाचे, एकाच इंजिनाचे दोन ट्रक शेजारी उभे असले तरी त्यांच्या स्टिकरवर शेकडो पाउंडांचा फरक असू शकतो.

आता एक हिशोब मांडू. समजा अर्ध्या टनाचा पिकअप आहे (हे नेहमीच्या आकाराच्या पिकअपच्या वर्गाचं नाव, वजनाचा आकडा नव्हे). ब्रोशर म्हणतं १०,८०० पाउंड ओढेल. दारावरचा पेलोड १,४२० पाउंड. घ्यायचा ट्रेलर सामानासकट भरून ७,२०० पाउंडांचा. वरवर पाहता ३,६०० पाउंड शिल्लक.

ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं जे वजन थेट हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या भागावर, बसतं त्याला टंग वेट म्हणतात. ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १३ टक्के धरले तर ९३६ पाउंड. चांगली हिच स्वतः साधारण ९० पाउंडांची. आई-बाबा आणि दोन मुलं मिळून ४७५. ट्रकच्या मागच्या भागात जनरेटर, कूलर, लाकडं असं १५०. बेरीज १,६५१. म्हणजे ओढण्यात भरपूर जागा असूनही ट्रक २३१ पाउंडांनी जास्त भरला. उन्हाळ्यात पुण्याहून आजी-आजोबा आले आणि तेही यलोस्टोनला निघाले, तर आणखी २८० पाउंड वाढले.

हेच गणित उलट्या बाजूने करा, म्हणजे ट्रेलर निवडता येतो. १,४२० मधून हिच, चौघं आणि सामान वजा केलं की ७०५ उरतात. त्याला १३ टक्क्यांनी भागलं तर सुमारे ५,४०० पाउंड. या कुटुंबाने या ट्रकमागे भरलेल्या अवस्थेत एवढ्याच वजनाचा ट्रेलर बघावा. आजी-आजोबा दर उन्हाळ्यात येणार असतील तर हाच आकडा सुमारे ३,३०० वर येतो. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

चूक दुसरी: "ड्राय वेट" खरं मानणं

ट्रेलरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेलं वजन हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरूण-पांघरूण नाही. बॅटरी आणि भरलेले गॅसचे सिलिंडर बहुतेक वेळा त्यात धरलेले नसतात, आणि ते तर नेमके पुढच्या टोकावर बसतात. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पाउंडांचा. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंडांहून जास्त वजन वाढलं. आपल्या घरांतला स्वयंपाकाचा पसारा पाहता, कुकर, पोळपाट, तवा, डाळ-तांदळाचे डबे, मी तरी ड्राय वेटवर कधीच विसंबणार नाही. ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला, डाव्या हाताला पुढे, जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन लिहिलेलं असतं. खरेदीच्या वेळी गणितात तोच आकडा धरावा. प्रत्यक्षात वजन त्याहून कमी भरलं, तर चांगलंच.

चूक तिसरी: मिनिव्हॅन आणि एसयूव्हीकडून ट्रकची अपेक्षा

होंडा ओडिसी किंवा टोयोटा सिएना ३,५०० पाउंडांपर्यंत ओढतात. ऑल व्हील ड्राइव्ह होंडा पायलट आणि साधी, म्हणजे हायब्रिड नसलेली, टोयोटा हायलँडर ५,००० पर्यंत. हे आकडे खरे आहेत, पण होंडाच्या मॅन्युअलमध्ये माणसं वाढली की ओढायची मर्यादा कमी होत जाते, आणि हे कोष्टक फार कमी लोक उघडून बघतात. या वर्गात छोटा पॉप-अप (घडी होणारा) किंवा टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा) ट्रेलर उत्तम जमतो. उंच, सपाट तोंडाचा २२ फुटी ट्रेलर वजनात बसला तरी वाऱ्याच्या माऱ्यात बसत नाही. अनेक मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या भागाचं क्षेत्रफळ किती चालेल तेही दिलेलं असतं. शिवाय वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे दांड्यांच्या जोरावर भार सगळ्या चाकांवर वाटणारी हिच, काही गाड्यांना चालत नाही. तेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीने ट्रेलर ओढता येतो, पण उभ्या तोंडाचा ट्रेलर जोडला की रेंज जवळपास निम्मी होते हे धरून चार्जिंगचे थांबे ठरवा.

ट्रेलर झोके घेतोय? आधी वजन कुठे आहे ते बघा

सगळ्यात धोक्याची तक्रार हीच. मोठा ट्रक बाजूने गेला किंवा उतार लागला की ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे हलायला लागतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: पुढे वजन कमी, मागे जास्त. बैलगाडीत मागे पोती जास्त झाली की गाडी उलाळते, तसंच इथे होतं. फक्त वेग ताशी ६५ मैल असतो. मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक लावला, किंवा चाकांच्या मागे असलेली पाण्याची टाकी भरली, की टंग वेट १० टक्क्यांच्या खाली घसरतं. पेलोड वाचवायला मुद्दाम जड सामान मागे सरकवणारे लोक आहेत. हे करू नका. पेलोड कमी पडत असेल तर सामान कमी करा. टंग वेट कमी करणं हा उपाय नव्हे.

ट्रेलर सपाट उभा राहतो का, तेही बघा. नाक वर उचललेला ट्रेलर झोके घेतो. सपाट किंवा नाक किंचित खाली असलेला बरा. त्यासाठी बॉल माउंटची, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्यावर टेकतो त्याच्या आधाराची, उंची बदलावी लागते. लहान व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली, गाडी आणि लांब ट्रेलर ही जोडीही मुळातच चंचल. जुन्या जाणकारांचा अंदाज असा की २० फुटी ट्रेलरला ११० इंच व्हीलबेस लागतो आणि पुढच्या प्रत्येक फुटाला आणखी ४ इंच. हा नियम नाही, पण शंका आली तर कामाला येतो.

आणि झोके सुरू झालेच तर? गाडीचे ब्रेक कचकन मारू नका, वेग वाढवू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ते सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ब्रेक कंट्रोलरवरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं गाडीतलं उपकरण) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ती कळ कुठे आहे हे शेजारी बसणाऱ्यालाही माहीत असू द्या.

मागे बसलेली गाडी, वर गेलेले दिवे

ट्रेलर जोडल्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसतो, दिव्यांचा झोत वर जातो, स्टिअरिंग हलकं लागतं. याचा अर्थ पुढच्या चाकांवरचा भार उचलला गेला आहे. वेट डिस्ट्रिब्युशन हिचच्या दांड्या घट्ट केल्या की त्यातला बराचसा भार पुढच्या चाकांवर परत येतो आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. मात्र या हिचमुळे दारावरचा पेलोड वाढत नाही. मागच्या स्प्रिंगला आधार देणारी एअर बॅग किंवा जादा स्प्रिंग बसवूनही वाढत नाही. गाडी फक्त सरळ दिसायला लागते आणि जास्त भरल्याचं कळेनासं होतं. हिच रिसीव्हरवरही (हिच अडकवायची गाडीमागची चौकोनी नळी) एक स्टिकर असतं, दांड्यांशिवाय किती आणि दांड्यांसह किती. दोन आकड्यांत मोठा फरक असू शकतो.

ब्रेक आणि वायर

चार पिनांच्या चपट्या प्लगमधून फक्त दिवे लागतात. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकना सात पिनांचा प्लग आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. बहुतेक राज्यांत ३,००० पाउंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १,५०० च्या वर. तिथे ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांची मर्यादाही आहे, रस्त्यावर पाटी ७० ची असली तरी. ब्रेक मारल्यावर ट्रेलर मागून ढकलत असेल तर कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, वाढवा. ट्रेलरची चाकं जाम होत असतील तर कमी करा. हे मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी २०-२५ मैलांवर करून बघावं.

घाटात काय बदलतं

साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे पोहोचेपर्यंत इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. चढावर उजव्या लेनमध्ये ४० ने जायला लागलं तर जावं. खरी परीक्षा उतारावर असते. टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) चालू करा, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर धरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापून निकामी होतात.

ट्रेलरच्या टायरची हवा थंड असताना, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी भरा. यातले बरेच टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच्याच वेगाचे असतात.

वजनकाट्यावर जा, अंदाज सोडा

ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. थोड्याशा पैशांत पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं छापून मिळतात. सगळी माणसं गाडीत बसवून, सगळं सामान भरून तीन वेळा वजन करा: दांड्या घट्ट करून, दांड्या काढून, आणि ट्रेलर सोडून.

वरच्याच कुटुंबाचं उदाहरण घ्या. ट्रक एकटा: पुढे ३,३६०, मागे ३,०४०. ट्रेलर जोडला, दांड्या काढलेल्या: पुढे ३,०४०, मागे ४,३००, ट्रेलरची चाकं ६,२६०. म्हणजे ट्रकवर ९४० पाउंड वाढले, हेच टंग वेट. ट्रेलर एकूण ७,२०० चा, म्हणजे १३ टक्के, उत्तम. पण पुढची चाकं ३२० पाउंडांनी हलकी झाली. दांड्या घट्ट केल्यावर: पुढे ३,२६०, मागे ४,०००, ट्रेलर ६,३४०. हिच नीट बसवली आहे. तरी ट्रक ७,२६० भरतो, आणि दारावर त्याची कमाल मर्यादा ७,१०० लिहिली आहे. १६० पाउंड जास्त.

इथे लाकडं आणि जनरेटर ट्रकमधून काढून ट्रेलरच्या चाकांच्या बरोबर वर ठेवले, तर बराचसा फरक भरून निघेल. अर्थात ट्रेलरच्या स्वतःच्या मर्यादेत तेवढी जागा हवी. लाकडं तर कॅम्पग्राउंडजवळच विकत घ्यावीत. पण आजी-आजोबांसाठी या जोडीत जागा नाही. त्यांच्यासाठी दुसरी गाडी काढावी, हलका ट्रेलर घ्यावा किंवा पाऊण टनी, म्हणजे वरच्या वर्गाचा, ट्रक. पाऊण टनी घेतानाही डिझेलच्या मोहात पडण्याआधी दार उघडून स्टिकर वाचा. डिझेल इंजिनाचं जादा वजन पेलोडमधूनच वजा होतं, आणि सगळ्या सुखसोयी असलेल्या डिझेल ट्रकचा पेलोड कधी कधी साध्या पेट्रोल ट्रकपेक्षा बराच कमी निघतो.