गोल्फ कार्टमध्ये आधी काय बदलायचं?

इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट चढावर धापा टाकू लागली की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा मोठी मोटर येते. पण बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते, तिच्यापर्यंत वीजच पुरेशी पोहोचत नसते. वीज बॅटरीतून निघते, केबल, सोलेनॉइड (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा भाग) ओलांडते आणि मग मोटरला मिळते. या वाटेवर ती जिथे अडते तो भाग आधी बदलायचा. बाकीचं त्यानंतर.

पायरी १ : नेमकं काय हवंय ते ठरवा

चढावर जोर, सपाटीवर वेग आणि एका चार्जमध्ये जास्त अंतर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ढोबळमानाने, मोटरचा जोर करंटवर आणि वेग व्होल्टेजवर अवलंबून असतो, तर अंतर बॅटरीत साठलेल्या ऊर्जेवर. ‘सगळंच हवं’ असं म्हणून बाजारात गेलात तर पैसे भलत्याच भागावर जातील. एक गोष्ट निवडून कागदावर लिहा. त्याखाली कार्टचं व्होल्टेज लिहा, साधारणपणे ते ३६ किंवा ४८ असतं. मोटरचा प्रकारही लिहा : सिरीज (आतल्या दोन्ही वेटोळ्यांतून एकच करंट), सेपेक्स (दोन्हींना वेगवेगळा करंट) की एसी. सिरीज मोटरचा कंट्रोलर सेपेक्सला चालत नाही, त्यामुळे ही नोंद नसेल तर पुढची खरेदी चुकते.

पायरी २ : बॅटरी तपासा, नुसती उभ्या गाडीत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लेड-ॲसिड बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काही तास तशाच राहू द्या आणि मग मल्टिमीटर लावा. ४८ व्होल्टचा निरोगी संच ५१ च्या आसपास दाखवतो. पण एवढ्यावर विसंबू नका. म्हातारी बॅटरीही विश्रांतीत छान आकडा दाखवते, तिचं खरं रूप भार पडल्यावर कळतं.

म्हणून मल्टिमीटरला पकडीच्या क्लिपा लावा, दुसऱ्या कुणाला तरी गाडी नेहमीच्या चढावर न्यायला सांगा आणि आकडा बघत राहा. ४८ व्होल्टच्या संचात २४ सेल असतात. प्रत्येकी १.७५ व्होल्ट ही उतरण्याची नेहमीची मर्यादा धरली तर एकूण ४२ होतात. भरलेला संच पहिल्याच चढावर त्याच्या आसपास घसरत असेल तर दोष बॅटरीतच आहे. मग एकेक बॅटरी याच पद्धतीने मोजा. बहुतेक वेळा एखादीच बाकीच्यांपेक्षा बरीच खाली जाताना सापडते. हायड्रोमीटर असेल तर सेलागणिक ॲसिडची घनता बघा. एका सेलची घनता इतरांपेक्षा ०.०५० ने कमी आली तर तो सेल गेला असं समजा.

जुन्या संचात एकच नवी बॅटरी बसवायचा मोह होतो. संच बऱ्यापैकी नवा असेल तर ठीक. नाहीतर जुन्या बॅटऱ्या नवीलाही लवकर खाली ओढतात.

लिथियमकडे वळण्याची वेळही हीच, संच नाहीतरी बदलायचाच असतो तेव्हा. वजन शंभर किलोहून अधिक उतरू शकतं आणि भाराखाली व्होल्टेज फारसं पडत नाही. विकत घेताना बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं आतलं सर्किट, सलग किती अँपिअर देऊ देतो ते मात्र आवर्जून विचारा. कंट्रोलर ५०० अँपिअर मागणारा आणि बीएमएस २०० वर तोडणारा, अशी जोडी जमली तर गाडी ऐन चढावर बंद पडेल. चार्जरही लिथियमचाच लागेल.

पायरी ३ : केबल आणि सांधे

कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, आणि दुर्लक्षही इथेच होतं. गाडी जोर लावत असताना केबलच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर धरला की तिथे किती व्होल्ट वाया जातात ते दिसतं. २०० अँपिअर वाहताना एका गंजलेल्या सांध्यावर १ व्होल्ट पडला, तर २०० वॅट तिथेच उष्णता होऊन जातात. टर्मिनल वितळतात ती यामुळेच.

आधी टर्मिनल घासून साफ करा, नट नीट कसा आणि पुन्हा मोजा. तरीही फरक पडला नाही तर जाड केबल घाला. अनेक गाड्यांत मुळात ६ गेजची असते (गेजचा आकडा लहान तितकी केबल जाड), म्हणजे साधारण १३ चौरस मिलिमीटर तांबं. २ गेजमध्ये ते जवळपास ३४ होतं. सगळ्या केबल एकदमच बदला. एक बारीक राहिली तरी तीच तापत राहील.

कामाला हात घालण्यापूर्वी : ‘टो’ स्विच (गाडी ओढून नेताना कंट्रोलर बंद ठेवणारा) असेल तर तो ‘टो’वर ठेवा, अंगठी-घड्याळ काढा, पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि संचाची मुख्य ऋण केबल आधी सोडा. चार्जिंग नुकतंच झालं असेल तर हायड्रोजन वायू निघून जाईपर्यंत थांबा.

पायरी ४ : सोलेनॉइड आणि कंट्रोलर, जोडीनेच

मूळ कंट्रोलर बहुधा २५० ते ३०० अँपिअरचा असतो. ४०० किंवा त्याहून मोठा बसवला की चढावरचा जोर लगेच जाणवतो, पण मागच्या दोन पायऱ्या पक्क्या असतील तरच. थकलेल्या बॅटरीवर मोठा कंट्रोलर म्हणजे तिचा अंत जवळ आणणं. त्याच्या करंटला पेलणारा सोलेनॉइडही सोबत घ्या. जुन्या सिरीज गाड्यांत पुढे-मागे नेणाऱ्या स्विचमधून मोटरचा सगळा करंट जातो, त्यामुळे त्याचे संपर्क काळे पडलेत का तेही बघा.

पायरी ५ : वेगाआधी ब्रेक

इथे मी तडजोड मानत नाही. वेग २४ वरून ३२ किलोमीटरवर गेला की थांबवायची ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते. पुष्कळ कार्टना फक्त मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. लायनिंग, ब्रेकची केबल आणि स्टिअरिंगचे सांधे तपासल्याशिवाय वेग वाढवू नका.

पायरी ६ : मोटर आणि टायर शेवटी

एवढं करूनही हवं ते मिळालं नसेल तरच मोटरचा विचार करा. जास्त जोराची आणि जास्त वेगाची अशा मोटरी वेगळ्या मिळतात. पायरी १ ची नोंद आता उपयोगी पडते.

मोठे टायर दिसायला देखणे असतात. १८ इंचांचे काढून २२ चे घातले तर मोटरच्या त्याच फेऱ्यांत वेग २२ टक्क्यांनी वाढतो, पण जमिनीवर पोहोचणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. चढावर रडणाऱ्या गाडीला ते आणखी रडवतील. त्याआधी आहे त्या टायरांत हवा पुरेशी आहे का ते बघा, कधीकधी एवढ्यानेच काम होतं.

एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलानंतर त्याच चढावर, तेवढ्याच माणसांसह, भरलेल्या बॅटरीवर पुन्हा मोजा. जॅकवर चाकं अधांतरी ठेवून चाचणी घेऊ नका. तिथे भार नसतो, आणि सिरीज मोटर भाराविना बेफाम फिरून फुटू शकते. नवी केबल घातली असेल तर आठवडाभराने नट पुन्हा एकदा कसून घ्या.