कारवानी घरी आणण्याआधी

कारवानीचं पिल्लू घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, याला रोज किती पळवावं लागेल? पळण्याची काळजी सोडा, ते याला शिकवावं लागत नाही. तयारी करायची ती याला अडवण्याची. हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. लांबवर काही हललं की मान वर, कान मागे, आणि तुम्ही हाक मारेपर्यंत गडी बांधापलीकडे गेलेला असतो. पिल्लू यायच्या आधी निदान महिनाभर घर, अंगण आणि घरातली माणसं या हिशेबानं तपासून घ्यायची.

आधी पिल्लू कुठून घेणार ते पक्कं करा. सांगली, सोलापूरपासून पलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळपर्यंत ही कुत्री गावोगाव पाळली जातात. त्यामुळे फोटो बघून पैसे पाठवायची गरजच नाही. गाडी काढा आणि आई बघून या. शर्यतींच्या नादापायी बऱ्याच ठिकाणी ग्रेहाउंडची भेसळ झालेली आहे, म्हणून जमलं तर बापही बघा. आई अनोळखी माणसापासून चार हात लांब राहिली तर बिघडलं नाही, जातच तशी आहे. पण ती थरथर कापत कोपऱ्यात दबून बसत असेल तर दुसरीकडे चौकशी करा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तेव्हा ‘आत्ताच न्या, नंतर मिळणार नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार. कागद हवे असतील तर एवढं ध्यानात ठेवा: केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद ‘कारवान हाउंड’ म्हणून होते आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. जात एकच. लांब केसांचा असेल तर त्याला पश्मी म्हणतात. दिसायला देखणा, पण कुसळं आणि गोचीड शोधताना जीव जातो.

आता कुंपण. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास आणि वजनाला वीस-पंचवीस किलो. चार फुटांची भिंत तो उभ्याउभ्या ओलांडतो. सहा फूट हवीच, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या विटा, वाळूचा ढीग, पाण्याची टाकी हे आधी हलवा, नाहीतर सहा फुटांची तीनच होते. फाटकाच्या गजांमधून पिल्लाचं डोकं जातं का, तेही बघा. खालच्या दोन फुटांना बारीक जाळी मारून घ्या. काटेरी तार मात्र कुठेच नको. याची कातडी पातळ, खाली चरबी नाही, आणि वेगात असताना त्याला तार दिसत नाही. मांडीची कातडी कागदासारखी फाटून लोंबते. शेजारच्या रानात अशी तार असेल तर त्या बाजूला जाळी लावा. घरात सलाईनची बाटली, गॉज आणि बँडेज ठेवा. जखम धुवायची, झाकायची आणि टाके घालायला न्यायचं. हळद भरत बसायचं नाही.

फ्लॅटमध्ये कारवानी राहतो का? राहतो, लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच शहाण्यासारखा राहतो. भुंकणं कमी, अंगाला वास कमी, आणि दिवसाचे कितीतरी तास तो सोफ्यावर तंगड्या पसरून झोपलेला असतो. गॅलरीला जाळी करा. दार उघडायच्या आधी कुत्र्याला पट्टा किंवा दुसऱ्या खोलीची कडी, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. पार्सलवाला आला, दार अर्धं उघडलं आणि कुत्रा जिन्यावरून खाली, हे असंच घडतं. सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण भांडण अंगावर घेण्यापेक्षा महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा कागद फाइलला लावून ठेवलेला बरा.

पट्ट्यावर पैसे वाचवू नका. कारवानीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं. बाजारातला साधा पट्टा तो मागे सरकून टोपी काढावी तसा काढतो. मार्टिंगेल नावाचा रुंद पट्टा येतो, ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंत आवळतो आणि सैल सोडला की मोकळा होतो. तोच घ्या. आपोआप गुंडाळणारी लांब दोरी मुळीच नको; पूर्ण वेगात दोरी संपली की झटका थेट मानेला बसतो. मोकळ्या जागी सराव करायचा तर छातीचा हार्नेस आणि तीस फुटांची साधी दोरी पुरते. गळ्यात तुमच्या मोबाइल नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून हवा.

झोपायला जाड गादी लागते. हाडं नुसती कातडीखाली असतात, फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात.

डॉक्टर आधी ठरवा, पिल्लू नंतर आणा. लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस आणि तिसऱ्या महिन्यात रेबीज. त्या पुऱ्या होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात तिथे पिल्लाला खाली सोडायचं नाही, कारण पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा विषाणू, मातीत टिकून राहतो. पण म्हणून घरात कोंडायचंही नाही. जग बघून घ्यायचं त्याचं वय हेच असतं, साधारण चौथ्या महिन्यापर्यंतचं, आणि कारवानी मुळातच बुजरा. तेव्हा कडेवर घेऊन फिरवा: एसटी स्टँड, मंडई, शाळा सुटायची वेळ, बँडची वरात लांबून. अनोळखी माणसाला लगेच डोक्यावरून हात फिरवू देऊ नका. पिल्लू आपणहून पुढे येईल तेवढंच.

डॉक्टरांना एक गोष्ट आठवणीनं सांगा. अशा सडपातळ, कमी चरबीच्या शिकारी जातींना भुलीची काही औषधं, विशेषतः थायोपेंटोन, जड जातात आणि शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. नसबंदीच्या आधी हे बोलून घ्या. पावसाळ्यात गोचिडांसाठी रोज रात्री कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली बोटं फिरवायची. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढरट, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि घरातली तापाची गोळी कुत्र्याला कधीच नाही.

खुराकाबद्दल शेजारी बोलणारच: ‘खायला घालता की नाही हो याला?’ शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हीच याची तब्येत. त्या बुजल्या म्हणजे कुत्रा जाड झाला. ज्वारीची भाकरी आणि दूध हा जुना खुराक आहे, पण तेवढ्यावर वाढत्या पिल्लाचं भागत नाही. अंडी, उकडलेलं चिकन (मसाला नाही, शिजलेलं हाड नाही), थोडं दही हवं. दूध पचत नसेल तर बंद करा. कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे विषासमान आहेत. उरलेला रस्सा भाकरीवर ओतायची सवय आजीलाही सोडावी लागेल. तिसऱ्या महिन्यापर्यंत चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा. छाती खोल असल्यामुळे पोटाला पीळ पडण्याची भीती असते, म्हणून जेवणाच्या आधी-नंतर तासभर धावपळ नाही.

आणि पळणं. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत मोटरसायकलमागे पळवायचं नाही. गावाकडे हे सर्रास चालतं आणि वाढीच्या हाडांचं वाटोळं होतं. मोठ्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा बंदिस्त जागेत सुसाट पळणं पुरतं. शाळेचं कुंपणाचं मैदान रविवारी मागून बघा. फुटबॉलचं टर्फ पहाटे तासाभरासाठी मिळालं तर सोनंच, मात्र बरेच मालक कुत्रा म्हटलं की हात जोडतात. तेही नसेल तर बांबूला दोरी, दोरीला चिंधी, आणि तुम्ही मध्ये उभं राहून गोल फिरवा. दहा मिनिटांत जीभ बाहेर. हाक मारल्यावर आला की दर वेळी चिकनचा तुकडा, कितीही उशिरा आला असला तरी. आल्यावर ओरडलात की पुढच्या वेळी येणार नाही. मारलंत तर मनातून उतरलात.

कोंबड्या, शेळ्या, मांजर घरात असतील तर पिल्लूपणीच ओळख करून द्या, तरीही एकट्यानं त्यांच्यात सोडू नका. घरच्या मांजराशेजारी झोपणारा कारवानी शेजारच्या मांजराला सोडत नाही. कोंबडी मारली तर भरपाई देऊन मोकळं व्हायचं, वाद घालायचा नाही. सशामागे सोडण्याच्या व्हिडिओंना भुलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि व्हिडिओ हाच पुरावा होतो.

दिवाळीची तयारी नवरात्रातच करा. फटाक्यानं बिथरलेला कारवानी दोन मिनिटांत दुसऱ्या गावच्या हद्दीत असतो. आतली खोली, बंद खिडक्या, चालू पंखा आणि टीव्ही, आणि फिरायला नेणं उजाडताना. त्या आठवड्यात गावाला जाणार असाल तर कुत्रा ज्याच्याकडे ठेवणार, त्याचं कुंपण स्वतः जाऊन मोजून या, मार्टिंगेल कसा घालायचा ते त्याला दाखवा आणि डॉक्टरांचा नंबर त्याच्या फ्रिजवर चिकटवा.