बस अपघातात जखमी झालेल्या प्रवाशाने भरपाई कशी मागावी

बसमधल्या प्रवाशाची बाजू मुळातच भक्कम असते, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात नसतं. तरीही रक्कम कमी पडते, ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या दिवसांत करायचे राहून गेलेल्या कागदांमुळे.

आधी उपचार. केंद्राच्या 2025 च्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीवर अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयात कॅशलेस होतात. दाखल होताना 'बस अपघात' असं स्पष्ट सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची रुग्णालयातली) नोंद करून घ्या. केसपेपरवर नुसतं 'पडून दुखापत' लिहिलं गेलं, तर पुढे उलटतपासणीत नेमका तोच कागद समोर धरला जातो.

तिकिटाचा लगेच फोटो काढा. मशीनच्या तिकिटावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. तिकीट हरवलं म्हणून दावा बुडत नाही. आरक्षणाचा मेसेज, ऑनलाइन पैसे भरल्याची नोंद, सहप्रवाशाची साक्ष चालते. मात्र पोलिसांच्या जखमींच्या यादीत आपलं नाव आहे का ते पाहा. नसेल तर जबाब नोंदवायला लावा. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, बसची आरसी, परमिट, विमा पॉलिसी आणि चालकाचं लायसन्स यांच्या प्रती मिळवा. पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो अहवाल अर्ज म्हणून धरता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली स्वतःचा अर्ज करा. 2022 पासून लागू दुरुस्तीनुसार मुदत अपघातापासून सहा महिने. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा गैरअर्जदार (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) राहतो तिथे अर्ज चालतो. खासगी बस असेल तर मालक, चालक आणि विमा कंपनी यांना गैरअर्जदार करा. एसटीसारख्या महामंडळाच्या बसला विमा कंपनी नसेल, तर महामंडळच देणेकरी असतं. बस आणि ट्रकची धडक असेल तर दोघांनाही जोडा. चूक कोणाची किती, हा त्यांचा आपापसातला हिशेब. प्रवासी पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खेन्येई प्रकरणात सांगितलं आहे.

कलम 164 मध्ये चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पण विमा कंपनीची तडजोड मानून ही रक्कम घेतली, की 166 चा अर्ज संपतो. हाड जुळायच्या आधी सही करू नका.

खरा पैसा असतो भविष्यातल्या कमाईच्या नुकसानीत. समजा वय 38, स्वतःचा धंदा, महिना 18,000 रुपये. वर्षाचे 2,16,000, त्यात भावी वाढीचे 40 टक्के मिळवून 3,02,400. कमावण्याची क्षमता 30 टक्के घटली असेल तर 90,720. या वयाचा गुणक (वर्षाच्या नुकसानीला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) 15, म्हणून 13,60,800 रुपये. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, मदतनीस, प्रवास, वेदना हे त्याशिवाय.

इथेच बहुतेक दावे घसरतात. समजा पायाला इजा झाली आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचे टक्के त्या पायाचे असतात, कमाईचे नाहीत. गुडघा कायमचा आखडला तर कारकुनाचं काम चालू राहतं, रिक्षाचालकाचं थांबतं. म्हणून आपल्या कामात नेमकी कोणती हालचाल लागते आणि ती का होत नाही, हे डॉक्टरांच्या साक्षीत आलं पाहिजे. नुसतं प्रमाणपत्र जोडून भागत नाही. उत्पन्नासाठी बँक पासबुक, आयकर विवरण, पगारपत्रक किंवा मालकाची साक्ष द्या. बिलं तारीखवार लावा. चिठ्ठीशिवायची औषधांची बिलं बऱ्याचदा वगळली जातात.

महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आकडा वरच्यासारखा मांडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, मात्र वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर नाही.